‘निरंक’ न लिहिणारी बाई: एका तालुका बारच्या तक्रार समितीसाठी वकील नसलेली दोन माणसं शोधताना

(गावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्याच तालुक्यात वकिली करतो आणि त्या काळात तिथल्या बार असोसिएशनचा, म्हणजे वकिलांच्या संघटनेचा, सचिव होतो. त्यामुळे हे लिखाण पूर्ण तटस्थ आहे असा दावा मी करत नाही.)

पार्श्वभूमी

वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा तालुका. कोर्ट कनिष्ठ स्तराचं, बाररूम म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचा मांडव. यादीवर साठेक वकील, रोज दिसणारे तीसेक. कामं ठरलेली: वाटणीचे दावे, बांधाच्या कुरापती, मोटार अपघाताचे क्लेम आणि भूसंपादनाचा वाढीव मोबदला. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. त्या धरणानं आणि त्याच्या कालव्यांनी या पट्ट्यातल्या वकिलीला दोन पिढ्या काम पुरवलं. बापानं एका वकिलाला दिलेली फाईल आज मुलगा दुसऱ्या वकिलाकडे घेऊन फिरताना दिसतो.

अशा ठिकाणी वकिलाबद्दल तक्रार असली तर जायचं कुठे? कायद्यानं दार एकच आहे. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली तक्रार राज्य बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांची नोंद आणि शिस्त पाहणाऱ्या संस्थेकडे, जाते. आपली कौन्सिल महाराष्ट्र आणि गोव्याची मिळून, कार्यालय मुंबईत. तक्रारीत तथ्य वाटलं तर ती शिस्तपालन समितीपुढे जाते. ही समिती तिघांची असते: दोघे कौन्सिलनं आपल्या सदस्यांतून निवडलेले, तिसरा बाहेरून स्वीकृत. हा ‘बाहेरचा’ही वकीलच असतो, तोही किमान दहा वर्षांच्या वकिलीचा. म्हणजे वकिलाचा न्याय तीन वकील करतात. समिती ताकीद देऊ शकते, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, काही काळ निलंबित करू शकते, पटावरून नावच काढू शकते. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं.

ग्राहक मंचाचा रस्ता अर्धवट उघडा आहे असं काही लोकांना वाटायचं. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही. बाररूममध्ये त्या दिवशी चहा जरा जास्तच गोड लागला, हे मान्य केलं पाहिजे.

अडचण

त्याच उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, सत्तरीचा एक शेतकरी बाररूमच्या उंबऱ्यावर येऊन बसला. हातात खताच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, जुना फेरफार आणि एका दाव्याच्या तारखांच्या चिठ्ठ्या. वकील बदलायचा होता, पण आधीच्या वकिलानं फी बाकी आहे म्हणून फाईल अडवून ठेवली होती. कोणीतरी त्याला सांगितलं, मुंबईला तक्रार करा. त्यानं मला विचारलं, “मुंबईले जाऊ का साहेब मी? इतल्या इतं काही होत नाही का?”

गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेस दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत पोचते. तक्रार टपालानंही पाठवता येते. पण पुढे तारखा लागल्या की कोणाला तरी हलावं लागतं. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी भरलेलं असताना तो माणूस कुठून जाणार?

सचिव म्हणून मी वर्षभरात कानावर आलेल्या तक्रारी वहीत मांडल्या होत्या. त्या तीनच प्रकारच्या होत्या. फाईल परत न देणं. तारीख न कळवल्यामुळे गैरहजेरीत दावा काढून टाकला जाणं. आणि टक्केवारी, म्हणजे मोबदल्याचा चेक पक्षकाराच्या खात्यात जमा झाला की त्याच्यासोबत बँकेत जाऊन ठरलेला हिस्सा काढून घेणं. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त होता आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जायचं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांत निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला स्पष्ट मनाई आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही टक्केवारीच्या फीवर कडक शब्द वापरले. तरी आमच्याकडे विचाराल तर “सगळेच घेतात” हे उत्तर, आणि ते खोटं नव्हतं.

गावात याला एकच म्हण लावतात: कुंपणच शेत खातं. ती मी तोंडावर तीनदा ऐकली.

पहिला निर्णय: समितीचं नाव

जूनच्या सर्वसाधारण सभेत ठराव आला, असोसिएशनची ‘शिस्तपालन समिती’ नेमावी. हेतू चांगला होता, शब्द चुकीचा. शिस्तीचा अधिकार कायद्यानं राज्य कौन्सिलला दिला आहे, तालुक्याच्या बारला नाही. आम्ही कोणाला ‘दोषी’ म्हटलं असतं तर पहिली नोटीस आम्हालाच आली असती. अर्धा तास वाद होऊन नाव ठरलं: पक्षकार तक्रार निवारण समिती. कामं तीन. ऐकून घ्यायचं, जमलं तर मार्ग काढायचा, आणि नाही जमलं तर पक्षकाराला त्याची तक्रार शपथपत्रासह नीट लिहून द्यायची, म्हणजे मुंबईत ती कागदाच्या उणिवेवरून अडणार नाही.

यातही एक खाच होती. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे तक्रार मागे घेतली, तडजोड झाली, एवढ्याच कारणानं शिस्तभंगाची चौकशी थांबवता येत नाही. म्हणजे आमच्याकडे मिटलेलं प्रकरण कायद्याच्या लेखी मिटलेलंच असेल असं नाही. हे आम्ही ठरावात लिहिलं. ही ओळ पुढे फार उपयोगी पडली.

दुसरा निर्णय: बाहेरची माणसं घ्यायची का

पाच जणांची समिती, त्यात तीन वकील आणि दोन वकील नसलेले, त्यांपैकी एक बाई. एवढ्यावर येईपर्यंत संध्याकाळ झाली. एक ज्येष्ठ म्हणाले, “मास्तराला प्लीडिंग कळतं का? मग वकिलानं काय चुकवलं ते त्याला काय कळणार?” मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. कामातली चूक आणि हरलेली केस यांतला फरक बाहेरच्याला पटकन दिसत नाही.

मी इंग्लंडचं उदाहरण दिलं. तिथे २००७ च्या कायद्यानं वकिली व्यवसायावर देखरेख करणाऱ्या लीगल सर्व्हिसेस बोर्डात वकील नसलेल्यांचं बहुमत असावं लागतं, आणि सॉलिसिटरांच्या शिस्त न्यायाधिकरणात साधारणपणे दोन सॉलिसिटरांसोबत एक सामान्य नागरिक बसतो. कोणी मान वर केली नाही. इंग्लंड आमच्या बाररूमपासून फार लांब आहे. मग एक ज्युनियर मुलगी म्हणाली, “लोकअदालतीच्या पॅनेलवर समाजसेवक बसतातच की. बाल न्याय मंडळात मॅजिस्ट्रेटच्या शेजारी दोन समाजसेवक असतात, त्यातली एक बाई असावीच लागते. तिथे त्यांना कळतं ना?” ठराव तिच्या वाक्यावर पास झाला. आपल्या आवारातलं उदाहरण आधी द्यावं, ही अक्कल मला त्या दिवशी आली.

तिसरा निर्णय: नेमायचं की बोलवायचं

अध्यक्षांनी दुसऱ्याच दिवशी दोन नावं सुचवली. एक निवृत्त मुख्याध्यापक, एक कृषी केंद्राचे मालक. दोघेही सज्जन. पण गुरुजींचा मुलगा आमच्याच एका वकिलाचा ज्युनियर होता, आणि कृषी केंद्रवाल्यांची उधारी वसुलीची दहा-बारा प्रकरणं अध्यक्षांच्याच टेबलावर होती. अध्यक्षांना त्यात काही वावगं दिसलं नाही, आणि मी त्यांना दोष देत नाही. तालुक्यात ‘विश्वासाचा माणूस’ म्हणजे आपल्या ओळखीचा माणूस. दुसरा अर्थ कोणी शिकवलेलाच नाही.

पर्याय तीन होते. अध्यक्षांची नावं घेऊन पंधरा दिवसांत समिती उभी करायची. तालुका विधी सेवा समितीकडून त्यांच्या विधी स्वयंसेवकांची यादी मागायची. नाहीतर उघड सूचना काढायची. स्वयंसेवकांची यादी मला सुरुवातीला फार बरी वाटली, कारण ते प्रशिक्षित असतात आणि गावात फिरलेले असतात. पण ते रोज याच कोर्टात, याच वकिलांसोबत काम करतात, आणि त्यांच्या समितीचे अध्यक्ष कोर्टाचेच न्यायाधीश असतात. उद्या एखाद्या वकिलाविरुद्ध बोलायची वेळ आली तर स्वयंसेवकाची अडचण होणार. म्हणून उघड सूचना.

पहिली सूचना आणि तिचा फज्जा

सूचना मीच लिहिली. आजही ती वाचली की लाज वाटते. “अशासकीय सदस्य पदाकरिता इच्छुक व पात्र उमेदवारांकडून अर्ज मागविण्यात येत आहेत. अर्हता: पदवीधर. सामाजिक कार्याचा अनुभव. अर्ज दोन प्रतींत, असोसिएशनच्या कार्यालयात.” ती बाररूमच्या फळ्यावर आणि कोर्टाच्या फाटकाशी लावली. महिना जुलैचा, ऐन रोवणीचा. तालुक्यातल्या निम्म्या बाया सकाळपासून चिखलात वाकलेल्या.

पहिल्या आठवड्यात फोन आले ते बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांचे. “साहेब, पगार किती?” ‘पद’ आणि ‘अर्हता’ हे शब्द वाचले की आमच्याकडे नोकरीच दिसते. एकानं जातीचं प्रमाणपत्र, टायपिंगचं सर्टिफिकेट जोडून अर्जच आणून दिला. त्याला समजावून सांगताना मला अवघडल्यासारखं झालं, त्याच्यापेक्षा जास्त.

मुदत संपली तेव्हा सहा अर्ज होते. पाच निवृत्त सरकारी माणसांचे, एक वकिलीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाचा. बाई एकही नाही. अध्यक्ष म्हणाले, “सूचना काढून पाहिली. लोकच येत नाहीत. आता माझी नावं घ्या.”

हा या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण होता. लोक येत नाहीत हे खरं दिसत होतं. पण कोण येत नव्हतं ते पाहिलं तर चाळणी आमचीच होती. पदवीधर म्हटल्यानं बहुतेक बाया गेल्या. कोर्टाच्या फाटकाशी सूचना लावल्यानं जो कोर्टात येत नाही तो गेला. दोन प्रतींनी झेरॉक्स आणि बसभाडं परवडत नाही तो गेला. जुलैनं शेतकरी गेला. उरले ते पेन्शनवाले. मी एवढंच मागितलं की धान कापून होईपर्यंत थांबू. अध्यक्ष वैतागले, पण थांबले.

दुसरी फेरी

नोव्हेंबरात नवी सूचना निघाली. त्यात पाच वाक्यं होती. “आपल्या तालुक्यातल्या वकिलांबद्दल लोकांच्या तक्रारी असतात. त्या ऐकायला आम्हाला दोन माणसं पाहिजेत, जी वकील नाहीत. शिक्षणाची अट नाही. वाचता-लिहिता आलं पाहिजे आणि कोणाचीही भीड न धरता विचारता आलं पाहिजे. ही नोकरी नाही, पण येण्या-जाण्याचं भाडं आणि दिवसाचे ३०० रुपये मिळतील.” अर्ज नको, फक्त नाव आणि मोबाईल नंबर. सूचना लावली धान खरेदी केंद्रावर, जिथे लोक काटा व्हायची वाट बघत तासन्‌तास बसतात, आठवडी बाजारात, पंचायत समितीत, आणि बचत गटांच्या प्रभाग संघाच्या बैठकीत आमच्या त्या ज्युनियरनं ती स्वतः वाचून दाखवली.

त्या ३०० रुपयांवरून बाररूममध्ये पुन्हा वाद झाला. वकिलांच्या वर्गणीतून पैसे दिले तर ती माणसं वकिलांचीच होणार नाहीत का? प्रश्न बरोबर होता. पण पैसे न देणं म्हणजे पुन्हा पेन्शनवाल्यांकडे जाणं. तोडगा कोषाध्यक्षांनी काढला: बारा बैठकांची रक्कम वर्षाच्या सुरुवातीलाच वेगळ्या बचत खात्यात टाकायची आणि त्या खात्यावर सही फक्त त्या दोन सदस्यांची. बैठक कोणाला आवडो न आवडो, कोणी हात आखडता घेऊ शकत नाही. एवढ्या वर्षांत बारनं काढलेला हा सगळ्यात शहाणा ठराव असावा.

एकोणीस नावं आली. त्यात सात बाया.

मुलाखती

जानेवारी २०२५ मध्ये ग्रामपंचायतीच्या सभागृहात मुलाखती घेतल्या. बाररूममध्ये मुद्दाम घेतल्या नाहीत. आम्ही तिघे होतो: मी, ती ज्युनियर आणि शेजारच्या तालुक्यातले एक वयस्कर वकील, ज्यांना इथलं कोणी ओळखत नव्हतं.

सगळ्यांना एकच प्रसंग दिला. मोबदल्याच्या केसमध्ये वकिलानं चौथा हिस्सा घेतला. तसं लिहून दिलेल्या कागदावर पक्षकाराची सही आहे. आता पक्षकार तक्रार करतो. तुम्ही पहिला प्रश्न काय विचाराल?

निवृत्त मंडळ अधिकारी होते, ते म्हणाले, “कागद नोंदणीकृत आहे का?” एक निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, “चेकची तारीख आणि कागदाची तारीख सांगा. कागद नंतरचा तर नाही?” मला हे आवडलं. मग प्रभाग संघाचा हिशेब ठेवणारी, दहावी झालेली, चाळिशीतली एक बाई आली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “सही केली तेव्हा त्याले तो कागद कोणी वाचून दाखवला होता का?”

शेजारच्या तालुक्यातल्या वकिलांनी पेन खाली ठेवला.

मग आला हितसंबंधांचा कागद. छापील नमुना होता, “आपले असोसिएशनच्या कोणत्याही सदस्याशी हितसंबंध असल्यास नमूद करावे.” जवळजवळ सगळ्यांनी एकच शब्द लिहिला: निरंक. सरकारी नमुन्यात रिकामी जागा ठेवायची नसते, तिथे निरंक लिहायचं असतं. हात आपोआप चालतो. त्या बाईला ‘हितसंबंध’ शब्द अडला. माझ्या कारकुनानं तिला समजावलं, “म्हणजे ताई, कोणत्या वकिलाशी नातं, केस, उधारी, घेणंदेणं काही आहे का ते लिहा.” तिनं दीड पान लिहिलं. चुलत दिराचा वाटणीचा दावा कोणाकडे आहे. मुलाच्या मोटरसायकल अपघाताचा क्लेम कोणाकडे आहे. कोणत्या वकिलाची बायको तिच्या गटातून कर्ज घेऊन गेली आणि अजून दोन हप्ते बाकी आहेत. कोणाच्या शेतात तिनं दोन वर्षं रोवणी केली.

अध्यक्षांनी तो कागद पाहिला आणि म्हणाले, “अरे, ही तर सगळ्यांनाच बांधलेली आहे. निरंकवाला माणूस घ्या ना.”

इथे आम्ही चुकलो असतो. ज्युनियरनं सुचवलं की बाकीच्यांनाही कारकुनानं विचारलं तसंच विचारू. चार जणांना परत बोलावलं आणि साध्या भाषेत विचारलं. पोस्टमास्तरांच्या निरंकच्या जागी चार ओळी आल्या. मंडळ अधिकाऱ्यांची तीन एकर बांधी आमच्याच एका वकिलाच्या भावानं ठेक्यानं केली होती, ते म्हणाले, “त्याचा इथे काय संबंध? माझ्यावर संशय घेता का?” आणि त्यांनी नाव मागे घेतलं. ते खोटं बोलले होते असं मी म्हणणार नाही. आमच्या नमुन्यानं जे विचारलं त्याचं उत्तर त्यांनी दिलं होतं. नमुना निकामी होता.

पण यातून आमची कसोटीच बदलली. ज्याचा कोणाशीच संबंध नाही असा माणूस साठ वकिलांच्या तालुक्यात सापडणारच नाही. सापडला तर तो बहुधा सांगत नाहीये. आम्ही मग संबंध किती आहेत ते मोजणं सोडून दिलं आणि कोण ते आपणहून मांडतं ते पाहिलं. बाई आणि पोस्टमास्तर, दोघांची निवड झाली. मुदत दोन वर्षं. सभेत हात वर करून मंजुरी घेतली. अकरा हात वर गेले नाहीत.

समिती बसली तेव्हा

पहिल्या बैठकीत आम्ही दोघांना आचारनियमांची प्रत दिली. इंग्रजी. बाईंनी चाळली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “हे मले कोण वाचून दाखवन, साहेब?” मुलाखतीत ज्या प्रश्नावर आम्ही खूश झालो होतो तोच आता आमच्याकडे वळला. पुढच्या बैठकीपर्यंत ज्युनियरनं महत्त्वाचे नियम मराठीत लिहून काढले, आठ पानं.

पिशवीवाल्या शेतकऱ्याचं प्रकरण पहिलं आलं. फी बाकी आहे म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्येच सांगून टाकलं आहे. संबंधित वकिलांना निकालाची प्रत दिली. ते म्हणाले, मला माहीत आहे, पण माझे पैसे? पोस्टमास्तरांनी शांतपणे विचारलं, “पावत्या किती दिल्या तुम्ही आतापर्यंत?” एकही नव्हती. पोळ्याच्या आधी फाईल म्हाताऱ्याच्या हातात होती. फीचा वाद वेगळा ठेवला, तो अजून मिटलेला नाही.

टक्केवारीचं प्रकरण मात्र नडलं. तक्रार एका माजी अध्यक्षांविरुद्ध होती. बाईंच्या मुलाचा अपघाताचा क्लेम त्यांच्याकडेच, कागदावर लिहिलेलं, म्हणून त्या स्वतःच बाजूला झाल्या. तीन वकील सदस्यांपैकी एक त्यांचा जुना ज्युनियर, एक साडू. उरले पोस्टमास्तर आणि एक वकील, आणि कोरम तीनचा. पर्यायी सदस्य कोण, हे ठरावात लिहिलंच नव्हतं. दोन बैठका निघाल्या त्याही न्यायालयीन कामकाजावरच्या बहिष्कारात गेल्या. चार महिने नुसतं “पुढच्या तारखेला बघू” चाललं. तक्रारदार एकदा म्हणाला, “हे तं कोर्टासारखंच झालं.”

मधल्या काळात माजी अध्यक्षांनी निरोप पाठवला, पैसे परत करतो, तक्रार मागे घ्या. पक्षकाराला पैसे हवे होते, आणि ते त्याचा हक्क म्हणून हवे होते. आमच्यातले काही म्हणाले, मिटलं तर मिटू द्या. तेव्हा ठरावातली ती ओळ कामी आली. आम्ही त्याला एवढंच सांगितलं की पैसे चेकनं घे, पावती दे, पण पैसे घेतल्यानं तक्रार आपोआप संपते असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. त्यानं पैसे घेतले. नंतर त्याच्या मुलीनं हट्ट धरला म्हणून तक्रार शपथपत्रासह मुंबईलाही गेली. ती आता तिथल्या समितीपुढची बाब आहे, तिच्यावर इथे बोलणं बरं नाही.

त्यानंतर महिन्याभरात पोस्टमास्तरांनी राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाले, लोक सकाळी सहाला घरी येतात, “आमचा वकील बदलून द्या” म्हणतात, काही जण तर आंबे घेऊन येतात. आंबे परत करता करता त्यांची बायको वैतागली. आम्ही त्यांना समितीचं काम समजावलं होतं, पण गावाला समितीचं काम काय नाही ते सांगितलं नव्हतं.

आज पुन्हा करायचं झालं तर

पर्यायी सदस्यांचा मुद्दा मी सगळ्यात आधी घेईन. शेजारच्या तालुक्याशी अदलाबदलीचा करार हवा: आमच्या माजी अध्यक्षाची तक्रार त्यांच्या समितीनं ऐकायची, त्यांची आमच्या. तसं बोलणं आता सुरू आहे. दोन्ही सदस्यांची मुदत एकाच दिवशी संपेल अशी ठेवली तीही चूक होती. एकाची एक वर्षानं आधी संपायला हवी, म्हणजे जुना माणूस नव्याला शिकवू शकेल. बैठक बाजाराच्या दिवशी ठेवायला हवी होती. वकिलांना तो दिवस गर्दीचा म्हणून नको असतो, पण पक्षकार त्या दिवशी तसाही येतो, त्याचं भाडं वाचतं.

आणि वकील सदस्य आम्ही पूर्वीप्रमाणेच बिनविरोध घेतले. त्यांना प्रसंग दिला नाही, त्यांच्याकडून कागद भरून घेतला नाही. साडू आणि ज्युनियर ही माहिती सगळ्या बाररूमला होती, फक्त कागदावर नव्हती. बाहेरच्यांना चाळणी लावताना घरच्यांना फाटक उघडं ठेवलं, याचा दोष सचिव म्हणून माझ्याकडे येतो.

वरच्या पातळीवरही कोण बसतं हा प्रश्न आता उघडपणे विचारला जातोय. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्य बार कौन्सिलांत महिलांना ३० टक्के जागा मिळाव्यात असं सांगितलं. वकील नसलेल्यांचा विषय त्यात नाही.

पोस्टमास्तरांच्या जागेसाठी सूचना पुन्हा धान खरेदी केंद्रावर लागली आहे. त्यात एक वाक्य वाढवलं: “तुमचा वकील बदलून देणं हे या समितीचं काम नाही.” हितसंबंधांचा कागद आता दर सहा महिन्यांनी नवा भरून घेतो, पाचही सदस्यांकडून. मागच्या वेळी बाईंचा कागद माझ्या हातात आला तेव्हा तिसऱ्या ओळीवर माझं नाव होतं. त्यांच्या पुतणीनं वारसा हक्काच्या दाव्यात मला वकीलपत्र दिलंय, हे माझ्या लक्षातही नव्हतं. शेजारी कंसात त्यांनी लिहिलं होतं: फी दिली, पावती मिळाली नाही. मी त्याच दुपारी पावती फाडली.